विश्लेषण : पुण्याचे संघ पुण्यात का टिकत नाहीत?

आपला संघ हरला तर चाहता पुढच्या हंगामाकडे डोळे लावून बसतो. पण पुढच्या हंगामात संघच नसेल तर? गेल्या दीड दशकात पुणेकर क्रीडाप्रेमींवर ही वेळ क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत आली. असे का झाले आणि आता आशा कुठे आहे?

क्रिकेटमध्ये काय घडले?

सहारा समूहाने २०१०मध्ये सुमारे १,७०० कोटी रुपये मोजून पुण्याचा ‘आयपीएल’ संघ घेतला. पुणे वॉरियर्स हा संघ २०११ ते २०१३ असे तीनच हंगाम खेळला. पहिल्या हंगामात त्याचे ‘घरचे’ सामने नवी मुंबईत झाले, कारण गहुंजेचे स्टेडियम २०१२मध्ये सुरू झाले. तिन्ही वर्षे संघ गुणतक्त्यातील शेवटच्या दोन संघांतच राहिला. ख्रिस गेलची ६६ चेंडूंतील नाबाद १७५ धावांची खेळीही याच संघाविरुद्धची. पुढे मताधिकार शुल्कावरून मालक आणि ‘बीसीसीआय’ यांच्यात वाद झाला आणि संघ संपुष्टात आला.

एका धावेची सल कोणती?

चेन्नई आणि राजस्थान निलंबित झाल्याने २०१६मध्ये पुण्याला दोन वर्षांपुरता नवा संघ मिळाला. त्याच वर्षी राज्यातील दुष्काळामुळे मे महिन्यातील सामने महाराष्ट्राबाहेर गेले आणि पुण्याला विशाखापट्टणम ‘घर’ मानावे लागले. २०१७मध्ये स्टीव्ह स्मिथच्या नेतृत्वाखालील रायझिंग पुणे सुपरजायंटने मुंबईला तीनदा हरवून अंतिम फेरी गाठली. तिथे समोर पुन्हा मुंबईच होती. १३० धावांचे लक्ष्य होते, अखेरच्या षटकात ११ धावा हव्या होत्या. पुण्याचा डाव १२८वर थांबला. मुदत संपल्याने संघही गेला. त्याची परतफेड करण्याची संधीच उरली नाही. पुढच्याच वर्षी चेन्नईतील आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे सामने गहुंजेत हलवण्यात आले आणि त्या संघाचे चाहते खास रेल्वेगाडीने पुण्यात आले. मैदान पुण्याचे, जल्लोष चेन्नईचा!

फुटबॉलमध्ये वेगळे काही झाले का?

नाही. २००७मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी बालेवाडीत खेळायचा. २०१२-१३च्या आय-लीगमध्ये तो उपविजेता ठरला. दोनच वर्षांनी तो बंद पडला. आय-लीगमधील भारत एफसी तर एका हंगामातच आटोपला. ‘आयएसएल’मधील एफसी पुणे सिटीने २०१७-१८मध्ये उपांत्य फेरी गाठली, पण २०१९मध्ये तोही बंद झाला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. या हैदराबादने २०२१-२२चे विजेतेपद पटकावले. मात्र हैदराबादकरांचे सुखही टिकले नाही. २०२५मध्ये तो संघ दिल्लीला गेला.

मुळाशी काय आहे?

मताधिकार पद्धतीत लीगमधील जागा शहराची नसते, ती मालकाची असते. मालकाने माघार घेतली, मुदत संपली किंवा तोटा सोसवेनासा झाला, की शहराचे नाव पुसले जाते. चाहता तिकीट काढतो, जर्सी घेतो, पण निर्णयात त्याला मत नसते. जर्मन फुटबॉलमध्ये बहुतांश क्लबमधील निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांकडेच ठेवण्याचा नियम आहे. इतके दूरही जायला नको. कोल्हापुरात पाटाकडील, शिवाजी, दिलबहार हे फुटबॉल संघ तालमी-मंडळांचे, पेठांचे आहेत. त्यांना पैसा कमी पडेल, पण उद्या दुसऱ्या शहराला विकले जाण्याची भीती नाही. म्हणूनच आजोबा ज्या संघासाठी शाहू स्टेडियमवर ओरडले, त्याच संघासाठी नातूही ओरडतो.

मग आशा कशावर?

एक उदाहरण पुण्यातच आहे. प्रो कबड्डीत पुणेरी पलटण २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला होती. पण नाव तेच राहिले, संघ टिकला. डिसेंबर २०२२मध्ये तो अंतिम सामना हरला आणि १ मार्च २०२४ रोजी अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली हरियाणाला २८-२५ असे नमवून विजेता ठरला. दहा वर्षे वाट पाहिलेल्यांना त्या करंडकाची किंमत अधिक कळली.

दुसरा संघ त्याहून जुना, महाराष्ट्राचा रणजी संघ. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली त्याने १९३९-४० आणि १९४०-४१ असे सलग दोनदा विजेतेपद मिळवले. त्यानंतर १९९२-९३ आणि २०१३-१४मध्ये तो अंतिम फेरीत हरला. तिसऱ्या विजेतेपदाची प्रतीक्षा आठ दशकांहून अधिक काळ सुरू आहे. या संघाच्या सामन्याला गर्दी जमत नाही. पण त्याला कुणी मालक नाही, त्यामुळे तो उद्या गाशा गुंडाळून जाणारही नाही. हरला तरी पुढच्या हंगामात तो पुन्हा मैदानात उतरेल, एवढी खात्री पुणेकर चाहत्याला दुसऱ्या फार थोड्या संघांनी दिली आहे.