कुत्रीच्या निर्बीजीकरणात नेमके काय काढायचे?

कुत्रीचे निर्बीजीकरण म्हणजे गर्भाशय काढणे, असा सर्वसाधारण समज आहे. शस्त्रक्रियेचे यश मात्र दोन्ही अंडाशय संपूर्ण निघाले की नाही, यावर ठरते. माणसांतल्यासारखी फक्त बीजवाहिनी बांधली तर पिल्ले होणार नाहीत. पण कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येत राहील, नर तिच्यामागे लागतील, आणि गर्भाशयात पू होण्याचा, म्हणजे पायोमेट्राचा, जीवघेणा धोकाही टळणार नाही. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या, निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला १० वर्षे वयाच्या आत हा आजार झालेला आढळला.

मग गर्भाशय आत ठेवले तर त्यात पू होणार नाही का? ही शंका रास्त आहे. पण या आजाराला प्रोजेस्टेरॉन लागते आणि ते अंडाशयात तयार होते. म्हणूनच नेदरलँड्समध्ये निरोगी कुत्रीचे फक्त अंडाशय काढण्याची पद्धत रूढ झाली. छेदही लहान पुरतो. गर्भाशयात बिघाड असेल, तर तेही काढावेच लागते. भारतात सरसकट दोन्ही काढतात, त्यात गैर काही नाही. उजवा अंडाशय मात्र बरगड्यांकडे खोलवर, घट्ट बंधाने धरलेला असतो. घाईत त्याचा तुकडा आत राहिला, तर गर्भाशय नसलेली कुत्रीही पुन्हा माजावर येते. छेद पोटाच्या मध्यावर घ्यावा की कुशीत, हा प्रश्न त्यानंतरचा. रस्त्यावरच्या कुत्रीला कुशीतला छेद सोयीचा, कारण जखम लांबूनही दिसते. अंडाशय काढल्यावर काही कुत्र्यांना, विशेषतः मोठ्या जातींत, पुढे नकळत लघवी होते, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर बहुधा औषध चालते, पायोमेट्रात जीव जाऊ शकतो.

‘एवढ्या शस्त्रक्रिया होऊनही कुत्री कमी का होत नाहीत?’ या प्रश्नाला जयपूरचे उत्तर आहे. तिथे १९९४ पासून सुरू झालेल्या मोहिमेत सुमारे ६५ टक्के माद्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण झाले, तेव्हा कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली. तुरळक शिबिरांनी हे होत नाही, आणि अर्धवट शस्त्रक्रियांनी तर नाहीच. कानाची खूण शस्त्रक्रिया झाल्याचे सांगते, ती पूर्ण झाल्याचे नाही. काढलेले अवयव नुसते मोजूनही ते कळत नाही. कुत्रीचा अंडाशय चरबीने वेढलेल्या पिशवीत दडलेला असतो, त्यामुळे ती पिशवी उघडून तो सबंध आहे का, हे टाके घालण्यापूर्वीच पाहायला हवे.