शिवसागराच्या दोन काठी

सह्याद्रीच्या पूर्वेस उतरणाऱ्या बहुतेक नद्या उगम सोडताच देशाची दिशा धरतात. महाबळेश्वरी जन्मलेली कोयना मात्र घाटमाथ्याच्या कुशीतून, त्याला समांतर अशी, सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेस वाहत जाते आणि हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेकडे वळून, पाटणवरून कऱ्हाडास कृष्णेला मिळते. नदीच्या या लहरीनेच या मुलखाचे भागधेय ठरविले. पश्चिमेस कोकण, पूर्वेस देश आणि मध्ये दोन डोंगररांगांत कोंडलेले हे निबिड अरण्याचे खोरे. त्यामुळे येथे ज्याचा अंमल चाले, त्याच्या हाती घाटवाटांची नाकी आपोआप येत.

विजापूर दरबाराकडून ‘चंद्रराव’ हा किताब मिळविलेल्या जावळीच्या मोऱ्यांचे सामर्थ्य फौजेत जितके होते, त्याहून अधिक या दुर्गमतेत होते. शिवाजी महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली आणि लगोलग मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहू लागला, याचा अर्थ ही दुर्गमता ध्यानी घेतली तरच उमगतो. १६५९ साली अफझलखानाचा लवाजमा रडतोंडीच्या घाटाने कोयनाकाठच्या पार गावापर्यंत उतरला खरा. परंतु मैदानी लढाईस सवकलेल्या त्या फौजेला येथून परतण्याचा मार्ग उरला नव्हता. आज त्याच जावळीच्या नावाने चालणाऱ्या तालुक्याचे ठाणे या खोऱ्यात नाहीच. ते पलीकडे वेण्णेकाठी मेढ्यास आहे. सरकारी दफ्तराला जे सोयीचे, ते इतिहासालाही सोयीचे असावे असा काही नियम नाही.

खोऱ्याची ही दुर्गमता बंदिवानांच्याही कपाळी आली. महाराजांनी ज्याला व्याघ्रगड म्हटले, तो वासोटा किल्ला दीर्घकाळ कैदखाना म्हणूनच वापरात होता. राजापूरच्या वखारीतून धरून आणलेल्या इंग्रजांपैकी काहींना १६६१ साली तेथे ठेविले होते. पुढे पेशवाईच्या अखेरीस साताऱ्याच्या छत्रपतींचे कुटुंब आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही तेथेच अडकून पडले. १८१८ साली जनरल प्रिट्झलरच्या तोफांपुढे गड पडला, तेव्हा त्यांची सुटका झाली.

सामान्य रयतेच्या लेखी मात्र घाट म्हणजे मीठ आणि धान्य यांची देवघेव. कऱ्हाड-पाटणचा माल हेळवाकवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे उतरे, आणि तिकडून मिठाच्या गोण्या बैलांच्या पाठीवर वर येत. आजचा चिपळूण-कऱ्हाड रस्ता त्याच जुन्या वाटेचा डांबरी वारस. खोऱ्यात नदीकाठच्या खाचरांत भात आणि उतारांवर नाचणी-वरी पिकविणारा कुणबी-मराठा समाज राही; वरच्या सड्यांवर, वस्तीपासून दूर, गवळी-धनगरांचे वाडे असत. म्हशी राखाव्यात, तूप काढावे आणि डोईवरून बाजारी न्यावे, हा त्यांचा क्रम. खालचा गाव आणि वरचा वाडा यांचे नाते धान्य व तूप यांवर जुळलेले असे.

ही सारी घडी १९५४ नंतरच्या दहा वर्षांत विसकटली. हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, मागे सुमारे ५० किलोमीटर लांबीचा शिवसागर पसरला, आणि सुमारे शंभर गावांची खाचरे, देवळे व नदीकाठच्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. निसर्गाने पूर्वेस वळविलेली नदी मनुष्याने येथे पुन्हा वळविली: जलाशयाचे पाणी डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्याने पश्चिमेस पोफळीकडे उतरते, तेथे वीज निर्माण करते आणि मग वाशिष्ठीवाटे दाभोळच्या खाडीत अरबी समुद्रास मिळते. जे पाणी एरवी बंगालच्या उपसागरास गेले असते, त्याचा हा उलटा प्रवास मुंबईच्या गिरण्यांना प्रकाश व शक्ती देऊन गेला. काठावरच्या पुष्कळ गावांना मात्र त्याच विजेच्या दिव्यासाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे लागले. त्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने धरणाजवळचे कोयनानगर उद्ध्वस्त केले. सुमारे १८० माणसे दगावली. जलाशयाच्या भाराने भूकंप उद्भवतो का, या प्रश्नासंबंधी कोयनेचे उदाहरण आजही जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ अभ्यासतात.

जे विस्थापित झाले, त्यांतील काहींना सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा परजिल्ह्यांत जमिनी मिळाल्या; कित्येकांनी मुंबईची वाट धरली आणि माथाडी कामगार म्हणून बाजारात ओझी उचलली. त्या कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, हा योगायोग म्हणता येणार नाही. जे मागे राहिले, ते डोंगराच्या अधिक वरच्या अंगास सरकले. पुढे १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झाल्यावर त्यांतील काहींना वनखात्याचे निर्बंधही सोसावे लागले.

पूर्वी पल्याडच्या गावास जाण्यासाठी कोयनेचे पात्र ओलांडले की पुरे होई. आता तेथे जाण्यास लाँच हवी. जलाशयाच्या काठावरील तापोळा, बामणोली येथून निघणाऱ्या लाँचमध्ये शाळकरी पोरे, आजारी माणूस आणि बाजाराची पोती एकाच फळीवर बसतात, मोटारी तराफ्यावर चढवितात, आणि रात्री-अपरात्री वादळ असले तर पल्याडच्या कांदाटी खोऱ्यातील गावाला थांबण्यावाचून गत्यंतर नसते. पर्यटक वासोट्यास जातो तोही बामणोलीच्या घाटावरून पाण्यानेच. ज्या किल्ल्याला अरण्याने राखिले, त्याच्या वाटेची सुरुवात आता धरणाने ठरविली आहे. तापोळा व आहीर यांच्या दरम्यान पूल बांधण्याचे काम अलीकडे हाती घेण्यात आले, आणि लाँचवाल्यांच्या गप्पांत त्याविषयी कौतुक व काळजी दोन्ही ऐकू येतात. धरणग्रस्तांचे जमिनीसंबंधीचे दावे मात्र आजोबांकडून नातवाकडे गेले आहेत, आणि सातबाऱ्याच्या नकला घेऊन ती मंडळी अजूनही कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत आहेत.