जॅझच्या कॉर्ड्स आणि घरातली पेटी

एरंडोलसारख्या गावात गिटार हातात घेणारा मुलगा बहुधा चार-पाच कॉर्ड्सवर हिंदी गाणी बसवतो. मग कधीतरी मोबाइलवर जॅझ ऐकतो, भारावतो आणि कुणीतरी त्याला सांगतं, ‘त्याला शेकडो कॉर्ड्स पाठ लागतात, नोटेशन वाचता यावं लागतं, ते आपल्याकडचं नाही.’ चांगला कान असलेली मुलं एवढ्यावरच थांबतात, याची मला खंत वाटते. कारण यातलं जवळपास काहीच खरं नाही.

शेकड्याची गोष्ट आधी. पुस्तकातले कॉर्ड्सचे तक्ते पाहून छाती दडपते हे खरं, पण त्यातले बहुतेक आकार मोजक्या जातींचीच वेगवेगळी रूपं असतात. घरात भजनाची पेटी असेल तर ती पुढ्यात घ्या. पांढरी एक हा सा धरा, म्हणजे सगळे शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतील. आता रे-म-ध-सा एकत्र दाबा: ही डी मायनर सेव्हन. मग प-नी-रे-म: जी सेव्हन. शेवटी सा-ग-प-नी: सी मेजर सेव्हन. जॅझच्या असंख्य गाण्यांत याच तीन पायऱ्या निरनिराळ्या पट्ट्यांमध्ये पुन्हा पुन्हा येतात.

त्यातही कॉर्डचा स्वभाव ठरवणारे स्वर दोनच, तिसरा आणि सातवा. पहिल्या कॉर्डमध्ये ते म आणि वरचा सा. दुसरीत सा एक पायरी उतरून नीवर येतो, म जागचा हलत नाही. तिसरीत नी तसाच राहतो आणि म उतरून गवर येतो. फक्त हे दोन स्वर पेटीवर सावकाश वाजवून बघा, कॉर्ड कुठून कुठे चालली आहे ते लगेच ऐकू येतं.

गिटारवर हेच तीन बोटांत बसतं. सगळ्यात जाड तार सहावी. पाचव्या तारेचा पाचवा फ्रेट, चौथीचा तिसरा, तिसरीचा पाचवा: डी मायनर सेव्हन. सहावीचा तिसरा, चौथीचा तिसरा, तिसरीचा चौथा: जी सेव्हन. पाचवीचा तिसरा, चौथीचा दुसरा, तिसरीचा चौथा: सी मेजर सेव्हन. बाकीच्या तारा वाजू द्यायच्या नाहीत. काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात 1937पासून पन्नास वर्षं ताल सांभाळणाऱ्या गिटारवादक फ्रेडी ग्रीनचं वादन अशाच दोन-तीन स्वरांवर उभं होतं.

एक घोटाळा इथेच मिटवू. सी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन या एकच नव्हेत. पहिलीत कोमल नी, दुसरीत शुद्ध. एका स्वराच्या चुकीने अख्खी चाल बेसूर होते.

नोटेशनचं म्हणाल तर वेस माँटगोमेरीला ते वाचता येत नव्हतं, आणि जॅझ गिटारच्या थोर वादकांत त्याचं नाव अग्रभागी आहे. म्हणून वाचन निरुपयोगी ठरत नाही. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत आणि त्या शिक्षणाच्या बळावर तिथले वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोचले. त्यांच्यापैकीच सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्ययोजना केली. सुरुवात कानाने करावी, वाचन मागाहून आलं तरी चालतं.

‘आपल्याकडचं नाही’ हे तर अगदीच चुकीचं. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मुंबईत स्वतःचा जॅझ बँड चालवत. 1951च्या ‘अलबेला’मध्ये ते संगीतकार सी. रामचंद्रांच्या साथीला होते. सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर आणि त्या चित्रपटाचा नायक भगवानदादा. ती गाणी आपल्याकडे घरोघर ऐकली गेली, त्यांतला जॅझ मात्र कुणी नावाने ओळखला नाही.

रागसंगीत शिकलेल्याला एक अडचण जरूर येते, ती नाकारू नये. तानपुऱ्याचा सा मैफल संपेपर्यंत हलत नाही. इथे दर एक-दोन मात्राखंडांनी खालचा आधार बदलतो आणि तोच म आधी तिसरा असतो, मग सातवा. कानाला याची सवय व्हायला वेळ लागतो. उलट तालाचं शिक्षण थेट उपयोगी पडतं: ब्लूजचं चक्र बहुधा बारा बारचं, म्हणजे बारा मात्राखंडांचं असतं आणि वादक कितीही दूर गेला तरी चक्राचा हिशेब सोडत नाही. मनाला येईल ते वाजवणं म्हणजे जॅझ, ही समजूत तिथेच गळून पडते.

महागडी पोकळ गिटारही लागत नाही, घरातली साधी चालते. तिन्ही आकार सलग यायला लागले की सगळे एक फ्रेट पुढे सरकवा आणि पेटीवर सा काळी एकवर न्या. तिथे जमलं की पांढरी दोन.