पाहुण्यांचा हॉटेलातला मुक्काम : थोडी काळजी आपणही घेऊ



सिमरोलच्या आयआयटीत मुलांना सोडायला येणारे पालक, लग्नामुंजीची मंडळी, ओंकारेश्वरला निघालेले नातेवाईक, या सगळ्यांना घरी उतरवून घेणे आता जमत नाही. मग आपण हॉटेलात खोल्या घेतो आणि सोयीसाठी नावापुढे खोली क्रमांक लिहून यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. ही सवय आपण सोडायला हवी.

कारण एका उदाहरणावरून कळेल. २००८ मध्ये अमेरिकेतील क्रीडा पत्रकार एरिन अँड्र्यूज नॅशव्हिलच्या एका हॉटेलात उतरल्या होत्या. त्यांच्या मागावर असलेल्या माणसाने शेजारची खोली मागून घेतली आणि दाराच्या भिंगात फेरफार करून त्यांचे चित्रीकरण केले. २०१६ मध्ये ज्यूरीने ५.५ कोटी डॉलर भरपाई ठरवली. त्यातील जवळपास निम्मी जबाबदारी हॉटेलच्या मालक-चालकांवर टाकली. त्या माणसाला त्यांची खोली कोणती, एवढेच कळणे पुरेसे होते.

म्हणून खोली क्रमांक ज्याचा त्यालाच कळवावा. काउंटरवर कोणी तो मोठ्याने सांगितला, तर दुसरी खोली मागायला संकोच करू नये.

ओळखपत्र दाखवावेच लागते, पण आधारचा पूर्ण क्रमांक देण्याची गरज नसते. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' काढता येते. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. ते चालत नसेल तर वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र द्यावे. झेरॉक्सवर हॉटेलचे नाव, तारीख आणि कारण लिहावे. कर्मचारी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढू लागला, तर नम्रपणे नाही म्हणावे.

खोलीत गेल्यावर आतली कडी लागते का ते पाहावे. दाराच्या भिंगावर कागद चिकटवावा. पलंगासमोरचे घड्याळ, चार्जर, स्मोक डिटेक्टर यांवर एक नजर टाकावी. संशयास्पद काही आढळल्यास हात न लावता फोटो काढावा, खोलीबाहेर यावे आणि ११२ वर फोन करावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई नुसार असे खासगी चित्रीकरण हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून हॉटेलची माफी घेऊन प्रकरण मिटवू नये.

घरच्या ज्येष्ठांना आणि मुलींना हे जरूर वाचून दाखवावे. पाहुणा हॉटेलात उतरला, तरी तो आपलाच पाहुणा असतो.