कूर्चेसाठी परांची

पनवेल परिसरात उभ्या राहणाऱ्या इमारतींभोवती बांबूंच्या वा लोखंडी नळ्यांच्या परांच्या आपण नित्य पाहतो. परांची हा इमारतीचा भाग नव्हे. तिच्या आधाराने गवंडी भिंत रचतो आणि भिंत पुरी झाली की ती उतरवली जाते. शरीरातील नष्ट झालेली कूर्चा पुन्हा घडवू पाहणारे वैज्ञानिकही अशाच एका परांचीच्या शोधात आहेत. मात्र सांध्याच्या आत ती उतरवायला कोणी गवंडी जाऊ शकत नाही. काम संपताच तिने स्वतःच विरून जावे लागते.

सांध्यात हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत, लवचीक थर असतो त्याला कूर्चा म्हणतात. गुडघ्यात त्याची जाडी अवघी काही मिलिमीटर असते आणि वजनाचा सुमारे ६५ ते ८० टक्के भाग पाण्याचा असतो. कोलॅजेनच्या तंतूंचे जाळे व त्यातील प्रोटिओग्लायकन हे पाणी धरून ठेवतात. म्हणूनच हा थर आपला भार सोसतो. परंतु कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि पेशीही विरळ आहेत. त्वचेची जखम रक्तातून येणाऱ्या पेशींच्या साहाय्याने भरते. कूर्चेला ती सोय नाही. नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे लंडनमध्ये विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच नमूद केले होते. कबड्डीच्या मैदानावर गुडघा दुखावलेल्या तरुणाचा प्रश्न आजही तोच आहे.

१९८७ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे रुग्णाच्याच गुडघ्यातील थोड्या कूर्चापेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, त्या पुन्हा जखमेत सोडण्यात आल्या. पहिल्या २३ रुग्णांचा वृत्तान्त १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. यात एक अडचण होती. सपाट काचपात्रात वाढलेली कूर्चापेशी आपला गुणधर्म विसरते व निराळ्याच जातीचे कोलॅजेन बनवू लागते. तिला जेलीसारख्या पदार्थात, चहूबाजूंनी आधार देऊन ठेवले की ती पुन्हा पूर्वपदावर येते, हे १९८२ मध्ये दिसून आले होते. पेशीइतकेच तिच्या निवाऱ्यालाही महत्त्व आहे, हा यातला बोध.

हा निवारा कशाचा करावा? समुद्री शैवालातून मिळणारे अल्जिनेट कॅल्शियमच्या संयोगाने गोठते व पेशींना अलगद धरते, पण ते दुबळे असते. कोळंबी सोलताना आपण जे टरफल फेकून देतो, त्यातील कायटिनपासून कायटोसान तयार होते. पैठणीच्या रेशमातील फायब्रॉइन हे प्रथिन बळकट असते. मात्र त्यावरचे सेरिसिनचे चिकट आवरण आधी काढावे लागते. पॉलिलॅक्टिक आम्लासारखी कृत्रिम बहुवारिके हव्या त्या आकारात घडवता येतात. शस्त्रक्रियेतील विरघळणारे टाकेही त्याच कुळातले. परंतु ती विरताना आम्ल सुटते व भोवतालच्या पेशींना त्रास होऊ शकतो. आधार लवकर विरला तर नवी ऊती ढासळते. फार काळ टिकला तर तिला वाढायला जागाच उरत नाही. शिवाय अन्न आत यावे व टाकाऊ द्रव्ये बाहेर जावीत, यासाठी त्यात एकमेकांना जोडलेली सूक्ष्म छिद्रे हवीत. हे सारे गुण एकाच पदार्थात क्वचितच आढळतात. म्हणून दोन-तीन पदार्थांचा मेळ घातला जातो.

हे संशोधन आपल्यापासून दूर नाही. पनवेलहून घाट चढून गेले की लोणावळा लागते. तेथे प्रयोगशाळा असलेल्या रीग्रो बायोसायन्सेस या संस्थेच्या, रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशींपासून केलेल्या उपचाराला २०१७ साली भारताच्या औषध महानियंत्रकांनी मान्यता दिली. त्यात पेशींना जागी धरून ठेवण्यासाठी फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारे प्रथिन, वापरतात.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे उपचार मुख्यतः दुखापतीने पडलेल्या मर्यादित खड्ड्यासाठी आहेत. आयुष्यभर शेतात, बांधकामावर राबून ज्या आजीचा संपूर्ण सांधा झिजला आहे, तिला ते अद्याप उपयोगी नाहीत. गुडघा नवा करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींना भुलून तिने आपली पुंजी गमावू नये, यासाठी घरातील शिकलेल्या मुलाने हा भेद तिला समजावून द्यावा. आणि विद्यार्थी मित्रहो, त्या आजीलाही परवडेल असा पदार्थ शोधण्याचे काम अजून शिल्लक आहे. ते तुमच्यापैकी कोणी हाती घ्यावे.