विभाजित आभासी तबकडी
संगणकास एकच वाटणारी, पण प्रत्यक्षात अनेक फाइलींत साठविलेली तबकडी. फॅट३२ पद्धतीत ४ गिगॅबाइट वा त्याहून मोठी फाइल मावत नाही. असे तुकडे पाडण्याचे हे एक कारण होय. व्हीएमवेअरच्या तबकडीत तुकड्यांचा क्रम, नावे व ५१२ बाइटांच्या खंडांतील आकारमान लहानशा वर्णन-फाइलीत नोंदलेले असते. तुकडे निरनिराळ्या फोल्डरांत हलविल्यास ही नोंद खोटी ठरते. ती दुरुस्त करावी लागते. वर्णन-फाइल नसलेले कच्चे तुकडे लिनक्समध्ये ‘डिव्हाइस मॅपर’ने क्रमवार सांधतात. येथेच खरा धोका असतो. पहिला तुकडा योग्य जागी असला की विभागतक्ता वाचला जातो व पुढील तुकड्यांची अदलाबदल सहसा लगेच ध्यानात येत नाही. अशा तबकडीवर लेखन झाल्यास मूळ मजकूर नष्ट होऊ शकतो. म्हणून पहिली जोडणी केवळ वाचनापुरती करतात.