सातवा पौष : शांतिनिकेतनातील विद्या, गीत आणि बाजार

विद्यापीठ आणि जत्रा हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य किंचित अस्वस्थ होतो. व्याख्यानमाला त्यास मान्य असते, संगीतसभाही चालते. परंतु त्यांच्या शेजारीच मडकी, घोंगड्या आणि खजुरी गूळ यांची दुकाने मांडलेली असतील तर त्यास विद्येचा उत्सव कसे म्हणावे, असे त्याला वाटते. पश्चिम बंगालात बोलपूरनजीक शांतिनिकेतन येथे मात्र डिसेंबरच्या उत्तरार्धात हे सारे एकत्र नांदते. त्याचा इतिहास पाहू जाता असे दिसते की, तेथे विद्यापीठाने जत्रा भरविली नसून जत्रेच्या मागोमाग विद्यापीठ आले आहे.

या उत्सवाचा मुख्य दिवस म्हणजे बंगाली पंचांगातील ७ पौष. हा पौष आपल्या चांद्रमासाप्रमाणे मागेपुढे सरकत नाही. बंगाली मास सौर असल्याने ही तिथी २२ किंवा २३ डिसेंबरच्या सुमारास येते. देवेंद्रनाथ ठाकुरांनी बंगाब्द १२५० च्या ७ पौषास, म्हणजे २१ डिसेंबर १८४३ रोजी, ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली. पुढे १८८८ मध्ये त्यांनी शांतिनिकेतनच्या जागेचे विश्वस्तपत्र केले. काचेचे उपासनामंदिर १८९१ मध्ये उभे राहिले आणि १८९४ पासून मेळा भरू लागला. रवींद्रनाथांचे ब्रह्मचर्याश्रम विद्यालय १९०१ मधील आणि विश्वभारतीची विधिवत् स्थापना २३ डिसेंबर १९२१ ची, म्हणजे ८ पौषाची. जत्रा विद्यापीठाहून सत्तावीस वर्षांनी वडील आहे.

अभ्यासकाने थांबून वाचावे असे या विश्वस्तपत्रातील कलम मेळ्याविषयीचे आहे. धर्मभाव जागा व्हावा म्हणून विश्वस्तांनी दर वर्षी मेळा भरविण्याचा प्रयत्न करावा; सर्व संप्रदायांच्या साधुपुरुषांना तेथे येऊन धर्मविचार व धर्मालाप करता यावा; मूर्तिपूजा व हीन करमणूक होऊ नये; आणि मद्य व मांस वगळता सर्व वस्तूंची खरेदी-विक्री व्हावी, असा त्याचा आशय आहे. चर्चा आणि बाजार यांचा विचार येथे एकाच कलमात झाला आहे. धर्मविचारासाठी लोकांना स्वतंत्र बोलावले तर थोडेच येतात. ज्या ठिकाणी ते कांबळे घ्यावयास येणारच आहेत, तेथेच विचाराचीही जागा करून ठेवावी, असा या योजनेचा हिशेब मला दिसतो.

पालि वाङ्मयाच्या वाचकास येथे ‘समज्ज’ हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात समज्जाच्या म्हणजे जत्रातमाशांच्या नादाचे दोष सांगितले आहेत. नाच कोठे, गाणे कोठे, वाद्य कोठे, याच शोधात अशा माणसाचे चित्त भटकत राहते. राजगृहाच्या गिरग्गसमज्जात तर उपतिस्स आणि कोलित (पुढील सारिपुत्त व मोग्गल्लान) यांना ऐन गर्दीतच वैराग्य आले, अशी कथा अट्ठकथेत आहे. अशोकाने पहिल्या शिलालेखात समाजाचा निषेध केला, परंतु त्याच लेखात काही समाज आपणास साधु वाटतात असेही नोंदविले. ते कोणते, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्चिली आहे. देवेंद्रनाथांपुढे हा लेख होता असे मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याजवळ नाही. मात्र समाज सरसकट मोडावयाचा नाही, त्याला वळण द्यावयाचे, ही दृष्टी दोन्हीकडे आढळते.

१९२१ च्या स्थापनासमारंभाचे अध्यक्ष ब्रजेंद्रनाथ शील होते. सिल्व्हाँ लेव्ही हे फ्रेंच पंडित त्या वेळी शांतिनिकेतनात आलेले होते. त्यांनी तेथे चिनी व तिबेटी शिकविण्यास आरंभ केला आणि प्रबोधचंद्र बागची त्यांच्याजवळ शिकले. बंगालीतून ‘पालिप्रकाश’ हे व्याकरण लिहिणारे विधुशेखर शास्त्री तेथील जुने अध्यापक. शास्त्रीय संगीत शिकविण्यासाठी महाराष्ट्रातून भीमराव शास्त्री गेले होते, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

उत्सवाचा क्रम आजही बव्हंशी जुनाच आहे. ७ पौषाच्या पहाटे वैतालिक निघते, म्हणजे गात गात आश्रमाची फेरी होते. नंतर छातिमतळ्यावर उपासना होते. छातिम म्हणजे आपली सातवीण, संस्कृतातील सप्तपर्णी. देवेंद्रनाथ ज्या सातविणीखाली ध्यानास बसत, तेच हे स्थान. विश्वभारतीच्या पदवीधरास याच झाडाचे पान देण्याची प्रथा होती. (पहिली संगीति जेथे झाली त्या राजगृहाच्या लेण्याचे नावही सत्तपण्णी, हा केवळ योगायोग आहे, पण मला तो आवडतो.) ८ पौषास आम्रकुंजात स्थापनादिन होतो, पूर्वी पदवीदानही याच दिवसांत होत असे. ९ पौषास दिवंगत आश्रमबंधूंचे स्मरण होते आणि २५ डिसेंबरला काचमंदिरात ख्रिस्तोत्सव. हा ख्रिस्तोत्सव रवींद्रनाथांनी १९१० पासून सुरू केला. इकडे मैदानावर बाउल, फकीर आणि कीर्तनकार गात असतात, संथाळ स्त्रीपुरुष नृत्य करतात; डोकरा धातुकाम आणि कांथा भरतकाम यांची विक्री चालते. बाउलाचे देहतत्त्वाचे पद हेही एक व्याख्यानच असते. श्रोता मात्र दुपारी बैलगाडीचे चाक विकून आलेला असू शकतो.

या परंपरेत खंड पडलेच नाहीत असे नाही. १९४३ मध्ये दुष्काळामुळे व १९४६ मध्ये दंगलींमुळे मेळा भरला नाही. अलीकडे मैदानावरील कचरा व प्रदूषण यांच्या तक्रारी हरित लवादापुढे गेल्या, आणि त्या निराधार नव्हत्या. २०२० मध्ये साथीमुळे मेळा झाला नाही. परंतु साथ ओसरल्यावरही २०२१ व २०२२ मध्ये विश्वभारतीने तो भरविला नाही. उपासना, वैतालिक, स्थापनादिन हे विधी आत होत राहिले, बाजार बाहेर अन्यत्र भरला. २०२३ मध्ये पूर्वपल्लीच्या मैदानावर मेळा झाला तो जिल्हा प्रशासनाच्या व्यवस्थेने. त्याच वर्षी शांतिनिकेतनास युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. मेळा न भरविण्यास कारभाराच्या अडचणी असतील; तथापि विश्वस्तपत्राच्या दृष्टीने पाहता, मेळ्यावाचून झालेली उपासना म्हणजे त्या कलमाचे अर्धेच पालन होय, असे माझे मत आहे. कारागिरांचे वर्षाचे उत्पन्न बुडाले, हा त्याचा दुसरा आणि अधिक निकडीचा भाग.

२०२४ मध्ये विश्वभारती व शांतिनिकेतन ट्रस्ट यांनी मेळा पुन्हा पूर्वपल्लीत भरविला. तो २३ डिसेंबरपासून सहा दिवस चालला, आणि त्या पहाटेही छातिमतळ्याकडे जाणारे लोक गात गातच निघाले.